चेंडू न बघणारे उस्ताद

उस्ताद दीड-दोन तास उन्हात उभं राहून फुटबॉलची मॅच बघून येत आणि स्कोअर विचारला तर त्यांना सांगता येत नसे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात त्यांना कौतुकाने विचारलं, कोण जिंकलं म्हणून. छत्री कोपऱ्यात टेकवत ते म्हणाले, ते उद्याच्या पेपरात येईल की, मी काय त्याच्यासाठी गेलो होतो? मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच पेपर उघडला, बोट ठेवून स्कोअर वाचला आणि "असं होय" म्हणून घडी घालून ठेवून दिला.

आमचा कारखाना सरकारी. त्यात क्रीडा विभाग म्हणजे कॅन्टीनशेजारची एक खोली, ढाली ठेवलेली दोन कपाटं, एक टाईपरायटर आणि मी. उस्ताद एके काळी कारखान्याच्याच टीमचे शेवटचे बॅक होते, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा अखेरचा माणूस. पुढे ते शिकवायला लागले आणि मी आले तेव्हा त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. दर हंगामात शहरातल्या कॉलेजांच्या मॅच बघायच्या आणि दोन-तीन पोरं निवडायची. निवडलेल्या पोराला टीममध्ये जागा मिळे आणि कारखान्यात कायमची नोकरी. तेव्हा हैदराबादेत फुटबॉलवर जगायचं म्हणजे ह्याच वाटेने जगायचं. त्यामुळे उस्ताद मैदानात शिरले की कॉलेजची पोरं शर्ट खोचून घेत.

ते गोलच्या मागे, जाळीपासून चार हातांवर उभे राहत. डोक्यावर काळी छत्री, उजव्या खिशात फुटाणे. नजर शेवटच्या बॅकवर. चेंडू कुठे का असेना, समोरच्या टोकाला गोल होऊन अख्खं मैदान नाचत असेना, उस्तादांची मान हलायची नाही. बॅकला घाबरून पळावं लागलं, किंवा जमिनीवर घसरून चेंडू काढावा लागला, की ते एक फुटाणा तोंडात टाकत. लोक अशा घसरण्याला टाळ्या वाजवतात. उस्ताद म्हणत, हा आधीच चार पावलं सरकला असता तर घसरायची पाळी का आली असती? ज्या बॅकचे कपडे मॅच संपल्यावर स्वच्छ, तो खरा बॅक. मॅचनंतर त्यांचं पोट भरलेलं असलं की पोरगा बाद. उपाशी परत आले की खुशीत असत आणि कॅन्टीनमधून उस्मानिया बिस्किटं मागवून चहात बुडवून खात.

त्यांच्या परीक्षा भलत्याच होत्या. मध्यंतरात पोरं पाणी पीत बसली की हे हळूच मागून जात आणि किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकत. जो मान वळवून बघेल त्याच्यावर खूण. शेवटच्या बॅकला पाठीमागचं जग कळलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. टीमवर गोल झाला की पोरगा कुठे बघतो हेही ते टिपून ठेवत. गोलकीपरकडे रागाने बघणारा त्यांना नको असे, मान खाली घालणारा तर मुळीच नको. आपण मघाशी जिथे उभे होतो त्या जागेकडे वळून बघणारा एखादाच निघे आणि त्याची गोष्ट ते आम्हाला आठवडाभर सांगत.

माणूस ते चेहऱ्याने कमी आणि चालीने जास्त ओळखत. खिडकीकडे पाठ करून बसलेले असत आणि जिन्यावर पाय वाजले की सांगत, अकाउंटचा रेड्डी आला, आज गुडघा दुखतोय त्याचा. रेड्डी येऊन आधी गुडघा चोळत बसे.

पण त्यांची सगळ्यात विक्षिप्त गोष्ट ही नव्हती. उस्ताद खेळाडूचं नाव ऐकून घेत नसत. कॉलेजकडून यादी येई, ती थेट माझ्याकडे. त्यांनी फक्त पाठीवरचा नंबर बघायचा, नंबरावर अहवाल सांगायचा, सही करायची. नावाची जागा कोरी. ती नंतर मी यादी बघून भरायची. कोणी कौतुकाने नाव सांगायला लागलाच तर ते कानावर हात ठेवत. मी एकदा कारण विचारलं. त्यांचं घराणं बीदरकडच्या शेतकऱ्यांचं, बोलणं आमच्यासारखंच मराठवाडी, मधूनमधून दखनी. म्हणाले, "नाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की जात कळते. मग डोळ्याला कामच काय राहिलं, बेटा?"

आम्ही बौद्ध, मूळचे नांदेडकडचे. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, म्हणून तारनाक्याला क्वार्टर. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसात पाच जणांनी मला आडनाव दोनदा विचारलं होतं. उस्तादांनी विचारलं, की टाईप बिनचूक करतेस का. त्यांच्याविषयी मला जो जिव्हाळा वाटला तो त्या दिवसापासून. तो पुढे मी कसा फेडला ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

अहवाल ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत टाईप करत असे. ते खोलीत येरझाऱ्या घालत बोलत. "ह्या पोट्ट्याचे पाय चांगले, पण कान नाहीत. हाक मारत नाही कोणाला. मुका बॅक म्हणजे कुलूप नसलेलं दार." मी लिहायची, सहकाऱ्यांशी संवाद कमी. ते वाकून कागदाकडे बघत, इंग्रजी फारसं वाचता येत नसे, तरी विचारत, दार लिहिलंस का? मी हो म्हणत असे. एवढं खोटं चालून जाई.

मग दिवस बदलले. वरती दिल्लीला काहीतरी खुलं झालं म्हणत आणि आमच्याकडे एकेक गोष्ट बंद होत गेली. ओव्हरटाईम बंद झाला, नवी भरती बंद झाली, कॅन्टीनमध्ये स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म चहाच्या कपांखाली दिसायला लागले. गल्लीत मात्र केबल आली आणि पोरं रात्री परदेशातल्या क्लबांच्या मॅच बघून सकाळी त्यांच्यासारखे केस वळवून मैदानात यायला लागली. आम्हाला नवे साहेब आले, तरुण, मुंबईला व्यवस्थापन शिकलेले. मैदानात कधी पाय न ठेवता उंटावरून शेळ्या हाकणारे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी खेळाडूंसाठी छापील फॉर्म आणला. उंची, वेग, उडी, किक, प्रत्येकाला दहापैकी गुण. उस्तादांनी पहिल्या फॉर्मवर सगळीकडे सहा लिहून दिले. साहेबांनी विचारलं, सगळं सहा कसं? उस्ताद म्हणाले, तुम्हाला भरलेला पाहिजे होता, भरला.

साहेबांनी व्हिडिओ कॅमेराही भाड्याने आणला. मॅचची कॅसेट लावून उस्तादांना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं बघितली आणि उठले. कॅमेरा चेंडूच्या मागे धावत होता. शेवटचा बॅक अख्ख्या कॅसेटमध्ये दोनदा दिसला, तोही अर्धा. "याच्यात बॉल आहे," ते मला जिन्यावर म्हणाले, "माणूस कुठं हाय?"

त्या हंगामाच्या तोंडावर साहेबांनी सांगून टाकलं, की वरून एकच जागा मंजूर झाली आहे, ही शेवटची. टीमला शेवटचा बॅक हवा होता. म्हणजे शहरातल्या सगळ्या कॉलेजांतून एकच बॅक, आणि त्यानंतर दार बंद.

माझा धाकटा भाऊ मिलिंद विद्यापीठाजवळच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. तो त्यांच्या टीमचा शेवटचा बॅक. पाठीवर चार नंबर.

बाबा चार महिन्यांनी रिटायर होणार होते आणि क्वार्टर सुटणार होतं. आमच्या कारखान्यात टायपिस्टला क्वार्टर नसे, पण मिलिंदला ही जागा मिळाली तर मिळालं असतं. आई रोज सकाळी मला काहीतरी सुचवायची. उस्तादांना जेवायला बोलाव, एकदा बोलून तर बघ. मी तिला सांगत होते, की त्यांना नावसुद्धा चालत नाही. ती म्हणायची, जगात असा माणूस असतो होय? मी ऑफिसात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. गप्प राहणं हाच प्रामाणिकपणा आहे असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं.

उस्ताद एका बॅकच्या तीन मॅच बघत. चार नंबरच्या दोन बघून झाल्या. दुसरीहून आले तेव्हा बिस्किटांना नको म्हणाले. येरझाऱ्या घालत बोलायला लागले, की पोरगं धाडसी आहे, पाय गोड आहेत, पण बॉल बघतं. बॉल ज्या बाजूला, त्याचं मन त्या बाजूला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ह्यानं टाळ्यांकडे बघितलं. अजून एक मॅच आहे, बघू. मी मान खाली घालून टाईप केलं. खोटं कशाला बोलू, ते अगदी बरोबर बोलत होते. मिलिंद लहानपणापासून तसाच.

तिसऱ्या मॅचच्या दिवशी मिलिंदला सडकून ताप आला. मी रजा टाकून त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत घरी बसले. कॉलेजकडे जर्सींचा एकच संच होता आणि स्पर्धेला नावं आधीच शिक्का मारून दिलेली. बदली खेळाडूचं नाव घालायचं तर प्राचार्यांची सही, पुन्हा शिक्का, दोन दिवस. अशा वेळी सगळी कॉलेजं एकच करत. आजारी पोराची जर्सी दुसऱ्याला घालायची आणि त्याला मैदानात उतरवायचं. मिलिंदचा चार नंबर त्या दिवशी यादगिरीने घातला. हा अंबरपेठचा, बापाचं सायकलचं दुकान, दोन वर्षं बाकावर बसून राहिलेला, मिलिंदचा दोस्त. जर्सी न्यायला तो सकाळी आमच्याकडेच आला होता. पाटावर बसून आईच्या हातचे पोहे खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर उस्ताद माझ्या आधी आलेले. समोर बिस्किटांची बशी. काल संध्याकाळपासून ह्या माणसाची खुशी उतरलेली नव्हती. म्हणाले, की तीस वर्षांत असं उपाशी कोणी ठेवलं नाही. पोरगा धावलाच नाही. जिथं बॉल येणार तिथं हा आधीच उभा, नातेवाइकाला घ्यायला स्टेशनवर आल्यासारखा. एक गोल झाला, तर वळून आपल्या जागेकडे बघितलं. मग बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "पण हा तो नव्हे, बेटा. परवाचा चार नंबर वेगळा आणि कालचा वेगळा. कोण होता कालचा?"

मला उत्तर माहीत होतं. यादगिरी, एवढा एक शब्द बोलायचा होता. माझ्या डोळ्यांपुढे क्वार्टरमधली बांधाबांध आली, बाबांची ट्रंक आली. मी कपाट उघडलं, कॉलेजची यादी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"चार नंबरला एकच नाव आहे, उस्ताद."

"नीट बघ."

"एकच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, लिही. तिसऱ्या दिवशीचा चार नंबर, ह्याच्यासारखा दुसरा नाही, ह्यालाच घ्या. मी लिहिलं, त्यांनी सही केली आणि ते गेल्यावर मी कोऱ्या जागेत माझ्या भावाचं नाव टाईप केलं. एकही अक्षर चुकलं नाही.

नेमणुकीचा हुकूम निघायच्या आधी निवडलेल्या पोराने आठवडाभर टीमबरोबर सराव करायचा असे. मिलिंदला बोलावणं आलं तेव्हा आईने शिरा केला. मिलिंदने दोन घास खाल्ले आणि मला म्हणाला, "अक्का, तिसऱ्या मॅचला मी नव्हतो." मी म्हटलं, तुझ्या दोन बघितल्यात त्यांनी. त्याला हे पटावं असं वाटत होतं, म्हणून पटलं. यादगिरीने येऊन त्याला मिठी मारली. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला वाटत होतं, आपण फक्त जर्सी भरून काढली.

सरावाच्या पहिल्या सकाळी उस्ताद मैदानाच्या फाटकाशी उभे होते. मिलिंद बॅग खांद्याला लावून बस-स्टॉपवरून चालत आला. बूटसुद्धा बदलले नव्हते. उस्तादांनी त्याला फाटकापर्यंत येऊ दिलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथून तडक आमच्या खोलीत आले. दार लावून घेतलं. ते दार कधी लावत नसत.

"तुझा कोण?"

"भाऊ," मी म्हटलं.

"जिना चढताना तू डावा खांदा उचलतेस. तो पण चालताना उचलतो." ते खुर्चीवर बसले. "मला चार नंबरात दोन माणसं दिसली नाहीत का? दिसली. मी तुला माणूस विचारला, बेटा. तू मला यादी दाखवलीस."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, की आत्ता साहेबांकडे जाते, सगळं सांगते. त्यांनी हाताने थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते विचार करत होते, मैदानावर जसा करत तसा, आधीच चार पावलं सरकून. मग सावकाश बोलले, "तू सांगशील. तुझी नोकरी जाईल, भावाचं नाव खराब होईल, ते दोघांचं मी बघून घेतलं असतं. पण साहेब म्हणतील, सगळा विभागच लबाड हाय, बंद करा ती जागा. त्यांना कारणच पाहिजे. मग त्या तिसऱ्या मॅचच्या पोट्ट्यानं काय करायचं? त्यानं काय केलं?"

"कागद लाव," ते म्हणाले.

मी टाईपरायटरला कागद लावला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझी नजर आता कमी झाली आहे. तिसऱ्या मॅचला खेळाडू बदललेला होता आणि तो मला ओळखता आला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे, कॉलेजची किंवा ऑफिसची नाही. तरी त्या दिवशी खेळलेल्या मुलाला बोलावून तपासावं. मी म्हटलं, उस्ताद, हे मी लिहिणार नाही. ते म्हणाले, म्हाताऱ्याचा डोळा गेला म्हटलं की कोणाला नवल वाटत नाही, लिही. मग पेन उघडून सहीच्या तयारीत बसले आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "नाव काय त्याचं?"

मी सांगितलं. नावाचं त्यांनी काही केलं नाही, मान हलवली आणि सही केली.

साहेबांनी यादगिरीला बोलावलं. आठ दिवसांत त्याला हुकूम मिळाला. तो पुढे नऊ वर्षं आमच्या टीमचा शेवटचा बॅक होता आणि त्याची जर्सी धोब्याकडे टाकायची गरज पडत नाही असं टीममधली पोरं थट्टेने म्हणत. मिलिंदला साहेबांनी सांगितलं, की तुझी काही चूक नाही, म्हाताऱ्याचा घोळ झाला. त्याने त्या दिवशी बूट यादगिरीला देऊन टाकले. नंतर कोठी भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासला गेला, कुरिअरच्या कंपनीत लागला, त्याचं बरं चाललं आहे. आम्ही अंबरपेठला दोन खोल्या घेतल्या. आमच्यात त्या आठवड्याविषयी पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आईला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की उस्तादांनी आमचं नाव कळल्यावर पोराला काढलं. तिला सांगायचीसुद्धा मला हिंमत झाली नाही.

उस्तादांना त्या पत्रानंतर कोणी मत विचारलं नाही. ते रोज येत, खिडकीकडे पाठ करून बसत. रेड्डी जिना चढून आला तरी काही बोलत नसत. माझ्याशी वागणं तसंच होतं, बेटा म्हणत, चहा निम्मा मला देत. एकदा मी धीर करून विचारलं, तुम्हाला माझा राग येत नाही का? ते म्हणाले, येतो ना. आणि बशी माझ्याकडे सरकवली.

मार्चअखेर त्यांचा निरोपसमारंभ कॅन्टीनमध्ये झाला. पुढच्या रांगेत टीम बसली होती, टोकाला यादगिरी, नवा ब्लेझर घालून. मी दुसऱ्या रांगेत. साहेबांनी चांगलं भाषण केलं, उस्तादांनी किती पोरांना नोकरीला लावलं ते सांगितलं. मग कारखान्यातर्फे त्यांना चष्मा भेट दिला आणि हसत म्हणाले, की आमच्या उस्तादांच्या नजरेने शेवटी शेवटी दगा दिला, हा घालून आता घरी निवांत मॅच बघा. सगळे हसले. उस्तादही हसले आणि त्यांनी तो चष्मा तिथेच डोळ्याला लावला. त्या खोलीत त्यांच्याइतकं स्वच्छ दिसणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे माहीत असलेली मी एकटी होते. उठून एवढंच म्हणायचं होतं, की त्यांची नजर चुकलेली नाही. ते चष्म्यातून माझ्या रांगेकडे बघत होते, बराच वेळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.